जननेंद्रियांचा हर्पीस : लागण केव्हाची, कोणाकडून?

मागच्या पावसाळ्यात एक सून आपल्या सासूबाईंची कागदपत्रे घेऊन माझ्या भिवंडीतील दवाखान्यात आली. सासूबाईंचे वय ६४, मधुमेह जुना, आणि खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना त्या अंथरुणाला खिळलेल्या. अंग पुसताना सुनेला त्यांच्या जननेंद्रियाजवळ पाण्याने भरलेले बारीक फोड दिसले होते. “डॉक्टर, नागीण असेल का?” तिने हळू आवाजात विचारले.

मी घरी जाऊन तपासले. फोड दोन्ही बाजूंना होते. काही फुटून त्यांचे वरवरचे, पण फार दुखणारे व्रण झाले होते. लघवी करताना आग होत असल्याने त्या पाणी पिण्याचेच टाळत होत्या. एका व्रणावरून स्वॅब घेऊन पीसीआर चाचणीला पाठवला. अहवाल आला : हर्पीस सिम्प्लेक्स विषाणू, प्रकार २. औषध सुरू झाले आणि आठवड्याभरात व्रण सुकू लागले.

प्रश्न मात्र सुकला नाही. दोन दिवसांनी त्यांचे यजमान एकटेच दवाखान्यात आले. वय ६९. तरुणपणी घाटावरून भिवंडीत येऊन त्यांनी यंत्रमागावर आयुष्य काढलेले. दार लोटून घेत ते म्हणाले, “डॉक्टरबाई, लोक म्हणतात हा आजार संबंधांतून येतो. मग हे तिला आले कुठून? आणि केव्हा?”

वाचकहो, तपशील थोडे बदलून ही हकिगत मी आपल्यापुढे ठेवते आहे, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी मला अनेकदा विचारला गेला आहे. त्याचे उत्तर अर्धवट माहितीवर दिले, तर चाळीस वर्षांचा संसारही एका संध्याकाळी मोडू शकतो. म्हणून या प्रश्नाला वैद्यकशास्त्र किती उत्तर देऊ शकते आणि कोठे त्याने गप्प बसावे, हे आज शांतपणे समजून घेऊ.

नागीण वेगळी, हा हर्पीस वेगळा

आपल्याकडे ‘हर्पीस’ म्हटले की बहुतेकांना नागीण आठवते. नागीण म्हणजे हर्पीस झोस्टर. बालपणी कांजिण्या देऊन गेलेला विषाणू शरीरात दडून राहतो आणि उतारवयात पुन्हा डोके वर काढतो, तेव्हा नागीण उठते. ती बहुधा शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी पसरते आणि ठणका मोठा असतो. नागिणीची दोन टोके मिळाली की माणूस दगावतो, ही समजूत निराधार आहे. नागिणीचा लैंगिक संबंधांशी काहीही संबंध नाही. ती कमरेखाली, मांडीवर किंवा जननेंद्रियाजवळही उठू शकते. म्हणून नुसत्या नजरेने निदान करून कोणाच्या चारित्र्याविषयी बोलू नये.

आपला आजचा विषय असलेला हर्पीस सिम्प्लेक्स हा त्याच कुळातला, पण निराळा विषाणू. गंमत अशी की ‘हर्पीस’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून आला आहे, आणि तो आपल्या ‘सर्प’ शब्दाचा भाषिक भाऊबंदच आहे. नावांचे नाते जुळले, तरी आजारांची गल्लत करू नये.

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. प्रकार १ मुख्यतः तोंडाचा : ताप आल्यावर किंवा फार थकल्यावर ओठाच्या कडेला फोडांचा झुबका उठतो, तो बहुधा याचाच. तो बहुतेकांना लहानपणीच, घरातल्यांच्या मुक्यांतून किंवा लाळेतून मिळालेला असतो. प्रकार २ मुख्यतः जननेंद्रियांचा, आणि तो जवळजवळ नेहमीच लैंगिक संबंधांतून लागतो. मात्र प्रकार १ देखील मुखसंबंधातून जननेंद्रियापर्यंत पोहोचू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार, जगातील ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात प्रकार १ आहे, म्हणजे १०० पैकी ६४ जणांत. तर १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५२ कोटी लोकांत प्रकार २ आहे. यातील बहुसंख्यांना आपल्याला काही झाले आहे याची जाणीवही नसते.

दडून बसणारा पाहुणा

विषाणू त्वचेतून शिरतो आणि तेथील मज्जातंतूच्या वाटेने पाठीच्या कण्यालगतच्या चेतापेशींच्या गाठीत जाऊन बसतो. जननेंद्रियांचा हर्पीस कण्याच्या तळाशी असलेल्या गाठींत मुक्काम करतो. तेथे तो वर्षानुवर्षे, अगदी जन्मभरही, निद्रिस्त राहू शकतो. ताप, शस्त्रक्रिया, मोठा मानसिक ताण, स्टेरॉइडची औषधे, कर्करोगावरील उपचार किंवा अन्य कारणाने क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांपैकी काही घडले की तो त्याच वाटेने परत त्वचेवर येऊ शकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून त्वचेवर येत राहतो. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात प्रकार २ असलेल्या ४९८ जणांनी रोज स्वतःचे स्वॅब घेतले. ज्यांना फोडांचा त्रास होत असे, त्यांच्यात १०० पैकी सुमारे २० दिवस विषाणू सापडला. ज्यांना कधी काहीच झाले नव्हते, त्यांच्यातही १०० पैकी सुमारे १० दिवस तो सापडला. याचा अर्थ असा की, ज्याने हा आजार दिला, त्याला आपण तो दिला हे ठाऊकच नसणे अगदी शक्य आहे. किंबहुना बहुतेक वेळा तसेच असते.

पहिला फोड म्हणजे पहिली लागण नव्हे

लागण होऊन फोड येतात, ते साधारण २ ते १२ दिवसांत. हा आकडा वाचून अनेकजण बोटांवर दिवस मोजू लागतात. पण हा हिशेब खऱ्याखुऱ्या पहिल्या लागणीलाच लागू पडतो. आयुष्यात प्रथमच दिसलेले फोड तीन निरनिराळ्या गोष्टी सांगत असू शकतात.

पहिली शक्यता : खरोखर नवी लागण, आणि पूर्वी कोणताही हर्पीस सिम्प्लेक्स शरीरात नव्हता. अशा वेळी ताप, अंगदुखी, जांघेत अवधाण आणि दोन्ही बाजूंना पुष्कळ व्रण असा थाट असतो. औषध न दिल्यास तो दोन ते चार आठवडे टिकतो.

दुसरी : प्रकार २ नवा, पण प्रकार १ लहानपणापासून शरीरात होता. मग त्रास बहुधा सौम्य असतो.

तिसरी : लागण जुनी, कदाचित अनेक दशकांपूर्वीची. तेव्हा काही जाणवलेच नाही किंवा ‘उष्णतेचे फोड’, ‘घामोळे’ म्हणून सोडून दिले, आणि आज प्रथमच लक्ष गेले. उतारवयात, विशेषतः आजारपणानंतर, या शक्यतेचा विचार आधी करावा लागतो.

नुसते व्रण पाहून या तिघांत फरक करणे अनुभवी डॉक्टरांनाही खात्रीने जमत नाही. मधुमेही किंवा दुर्बळ रुग्णात जुना आजारही नव्यासारखा उसळू शकतो.

रक्ताच्या चाचण्या, आणि माझी एक चूक

येथे मला एक कबुली द्यायची आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या काळात एक तरुण जोडपे माझ्याकडे आले होते. पत्नीच्या रक्ताच्या अहवालात ‘आयजीएम’ प्रतिपिंडे आढळली होती. मी सहज म्हणाले, “म्हणजे लागण अलीकडची आहे.” नवरा त्या काळात चार महिने परगावी होता. माझ्या त्या एका वाक्यावरून ती माहेरी गेली आणि पुढे ते घर पुन्हा जुळले नाही. नंतर माझ्या वाचनात आले की हर्पीसमध्ये आयजीएम जुना आजार उसळल्यावरही पुन्हा दिसू शकते, आणि प्रकार १ व २ मध्ये फरक करण्यातही ही चाचणी फसते. लागण नवी की जुनी हे ठरवण्यासाठी तिचा उपयोग करू नये. हे तेव्हाच मला ठाऊक असायला हवे होते. आपल्या हातात असा अहवाल कोणी ठेवला, तर त्यावरून घरात एकही शब्द बोलण्यापूर्वी त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञांना दाखवा.

मग काही सांगता येते का? काही प्रसंगी येते. व्रण ताजा असताना त्यावरील स्वॅबची पीसीआर चाचणी करून प्रकार ठरवता येतो. त्याच दिवसांत प्रकारनिहाय ‘आयजीजी’ प्रतिपिंडांसाठी रक्त तपासतात. ही प्रतिपिंडे तयार होण्यास काही आठवडे, कधी तीन महिन्यांपर्यंत लागतात. स्वॅबमध्ये प्रकार २ आहे आणि रक्तात त्याची प्रतिपिंडे अजून नाहीत, नंतर ती दिसू लागली, तर लागण नवी. उलट फोड उठल्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच ती प्रतिपिंडे भरपूर असतील, तर लागण जुनी. पण जुनी म्हणजे सहा महिन्यांची की ४० वर्षांची, हे जगातील कोणतीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही.

आणखी एक सावधगिरी. अनेक ठिकाणी ‘हर्पीस १ व २’ अशी एकत्र चाचणी केली जाते. ज्येष्ठांपैकी बहुतेकांना प्रकार १ बालपणीच झालेला असल्याने ती सकारात्मक येणारच; तिच्यावरून जननेंद्रियांच्या आजाराविषयी काहीच ठरत नाही. प्रकारनिहाय चाचणीतही सीमारेषेच्या जवळचा आकडा कित्येकदा खोटा निघतो. म्हणूनच काहीही त्रास नसलेल्या माणसाची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये, असे तज्ज्ञ सांगतात.

आपल्या पुण्यातच याचा बोध देणारे काम झाले आहे. तेथील लैंगिक आजारांच्या दवाखान्यांत येणाऱ्या, एचआयव्हीची लागण नसलेल्या २,७३२ जणांचा पाठपुरावा करून संशोधकांनी २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीलाच १०० पैकी ४३ जणांत प्रकार २ ची जुनी लागण आढळली. (हे लोक मुळातच तक्रार घेऊन आलेले होते, सर्वसाधारण कुटुंबांना हा आकडा लावू नये.) ज्यांना प्रकार २ ची लागण नुकतीच झाली होती, त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका सुमारे पावणेचार पट दिसला. येथे ‘नुकतीच’ असे म्हणता आले, कारण त्याच व्यक्तींचे रक्त ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा तपासलेले होते : आधी नाही, नंतर आहे. आपल्या घरात असे आधीचे रक्त कोणी जपून ठेवलेले नसते. तारीख न सापडण्याचे कारण इतके साधे आहे. आणि हर्पीसचे निदान झाल्यावर एचआयव्ही व सिफिलिसची तपासणी का सुचवली जाते, तेही यातून कळेल.

मग कोणाकडून?

येथे मी आपल्याला खोटा दिलासा देणार नाही. प्रकार २ टॉवेलमधून, शौचालयाच्या भांड्यावरून, एकत्र धुतलेल्या कपड्यांतून किंवा वज्रेश्वरीच्या कुंडात स्नान केल्याने येत नाही. शरीराबाहेर हा विषाणू फार काळ तग धरत नाही. आयुष्यात केव्हातरी लैंगिक संबंधांतूनच तो आलेला असतो. पण ‘केव्हातरी’ या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. तो विवाहापूर्वीचा असेल. पहिल्या विवाहातील असेल. संमतीशिवाय घडलेल्या एखाद्या प्रसंगातील असेल, ज्याविषयी ती व्यक्ती आजवर कोणाजवळ बोललेली नसेल.

आणि लागण नवी ठरली, तरी तिच्यावरून जोडीदाराचे नवे संबंध सिद्ध होत नाहीत. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, एकाला आजार आहे आणि दुसऱ्याला नाही, अशा १४४ जोडप्यांवर सुमारे वर्षभर लक्ष ठेवले गेले. त्यातील केवळ १४ जोडप्यांत दुसऱ्याला लागण झाली, आणि त्यांपैकी बहुतेकांत ती फोड नसतानाच्या संबंधांतून झाली. म्हणजे एका जोडीदाराच्या शरीरात विषाणू वर्षानुवर्षे राहूनही दुसरा निरोगी राहू शकतो, आणि खूप उशिरा, कोणीही नवी चूक केलेली नसताना, त्याला लागण होऊ शकते. दोघांचीही चाचणी सकारात्मक आली, तरी कोणी कोणाला दिला हे कळत नाही.

एक अपवाद मात्र नजरेआड करू नका. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा पूर्णतः परावलंबी वृद्ध व्यक्तीत लागण नवी असल्याचे तपासणीतून दिसले, तर तिच्यावर अत्याचार झालेला नाही ना, याचा विचार करणे हे आपले आणि डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी

अंथरुणावरील माणसाच्या जननेंद्रियाजवळचा प्रत्येक व्रण हर्पीसचा नसतो. ओल्या डायपरने सोललेली त्वचा, मधुमेहातील बुरशी, दाबामुळे होणारे शय्याव्रण, वेदनाशामक वा प्रतिजैविकांची त्याच जागी पुन्हा उठणारी ॲलर्जी, सिफिलिसचा न दुखणारा व्रण, क्वचित कर्करोग, इतक्या शक्यता असतात. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा तपासून घ्यावा.

व्रण असताना हातमोजे घालून स्वच्छता करा आणि नंतर साबणाने हात धुवा. आपल्या बोटावर जखम असेल, तर उघड्या हाताने व्रणाला स्पर्श नको. बोटावरही हा आजार होऊ शकतो. व्रणाला लावलेला हात डोळ्याला लावू नका. कपडे साबणाने नेहमीप्रमाणे धुवा. भांडी वेगळी करण्याची किंवा रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवण्याची मुळीच गरज नाही. त्यांच्याजवळ बसा, त्यांना भरवा, त्यांचा हात हातात घ्या. लघवीला आग होत असेल, तर कोमट पाणी ओतत लघवी केल्याने आराम पडतो.

लघवी अडली, डोके फार दुखून मान ताठली, डोळा लाल होऊन दुखू लागला, किंवा तापात बडबड व गोंधळलेपणा दिसला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घरात बाळ येणार असेल, तर आजी-आजोबांनी एक पथ्य पाळावे : ओठावर फोड असताना तान्ह्या बाळाचा मुका घेऊ नये. नवजात बाळाला हा विषाणू जिवावर बेतू शकतो. गर्भवती सुनेला किंवा लेकीला जननेंद्रियाजवळ फोड उठले, तर संकोच न करता प्रसूतितज्ज्ञांना आधीच सांगावे.

औषध आहे

विषाणूला शरीरातून समूळ घालवणारे औषध अद्याप नाही. परंतु त्याला आवरणारे, व्रण लवकर भरून आणणारे औषध आहे. असायक्लोव्हिर आणि त्याच्या जातीची औषधे गेली चार दशके वापरात आहेत. ज्यांच्या संशोधनातून असायक्लोव्हिरसारखी औषधे घडली, त्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाल्यास लाभ अधिक. वृद्धांमध्ये मूत्रपिंडाची क्षमता पाहूनच मात्रा ठरवावी लागते आणि औषध चालू असताना पाणी पुरेसे प्यावे लागते. मात्रा अधिक झाल्यास भ्रम होऊ शकतो. म्हणून शेजाऱ्याची चिठ्ठी दाखवून दुकानातून गोळ्या आणू नका. वारंवार त्रास होणाऱ्यांना रोजची अल्प मात्रा देता येते; तिच्यामुळे जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही कमी होतो. निरोधमुळेही तो कमी होतो, पण पूर्ण टळत नाही. फोड असताना संबंध टाळावेत. ज्येष्ठांनीही हे ऐकून ठेवावे. साठीनंतर सहजीवन संपते, असे वैद्यकशास्त्र मानत नाही.

खर्चाची किंवा ओळखीची भीती असेल, तर सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतात. तेथे तपासणी व औषधे मोफत मिळतात आणि गुप्तता पाळली जाते. १०९७ या निःशुल्क क्रमांकावरही माहिती मिळते.

आपल्या राज्यात या विषयावर बोलण्याचे धाडस नवे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि अखेरपर्यंत चालवले. १९८९ साली डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांमधील ६५० स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातील १०० पैकी ९२ जणींना जननसंस्थेचा काही ना काही आजार होता, आणि पूर्वी कधी त्यासाठी तपासणी झालेल्या मात्र केवळ ८ होत्या. आजार अंगावर काढण्याची सवय एवढी खोल गेलेली आहे.

पुन्हा त्या घरी

त्या गृहस्थांना मी हे सारे समजावून सांगितले. काकूंच्या रक्तात प्रतिपिंडे आधीपासूनच होती. म्हणजे लागण जुनी. किती जुनी, हे सांगता येणार नाही, असे मी म्हणाले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “लग्नाआधी चार वर्षे इथे एकटाच होतो, डॉक्टरबाई. खोलीत आठ जण. तेव्हाचे काही आहे.” थोडे थांबून ते पुढे म्हणाले, “तागा उलगडताना दोष दिसतो, तेव्हा धागा कोणत्या पाळीत तुटला ते कोण सांगणार? पण माग माझा होता, हे मला कळते.”

कदाचित त्यांचे खरे असेल, कदाचित नसेलही. मी एवढेच सांगितले की ही गोष्ट पत्नीला सांगायची की नाही, हे त्यांनी ठरवायचे. माझ्या तोंडून ती जाणार नाही. त्यांची एचआयव्ही व सिफिलिसची तपासणी केली, काकूंचीही केली. सर्व ठीक निघाले.

पुढच्या भेटीला काकूंना वॉकरच्या आधाराने काकाच घेऊन आले. दोघांत काय बोलणे झाले, मी विचारले नाही. तपासणी आटोपल्यावर काकू म्हणाल्या, “यांनी सांगितले मला. दोन दिवस बोलले नाही मी. मग म्हटले, औषधाची वेळ तर तेच लक्षात ठेवतात.” काका खिशातून गोळ्यांची चिठ्ठी काढून पुढची तारीख विचारत होते.